चलन व्यवहार संकेत पुरवठादार

चलन व्यवहार संकेत पुरवठादार म्हणजे परकीय चलन बाजारात कोणती चलनजोडी कोणत्या भावाला खरेदी करावी अथवा विकावी, याची सूचना ग्राहकांना देणारी व्यक्ती किंवा संस्था होय. या सूचनेस 'सिग्नल' म्हणतात. तीत साधारणतः चलनजोडी, प्रवेशाचा भाव, तोटा थांबविण्याचा भाव म्हणजेच स्टॉपलॉस आणि नफ्याचे लक्ष्य नमूद असते. सूचना मुख्यतः टेलिग्राम व व्हॉट्सॲपवरील गटांतून दिल्या जातात. या क्षेत्रात फसवणुकीचे प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने पुरवठादाराची पारख करणे महत्त्वाचे ठरते.

उत्पन्नाचा स्रोत

पुरवठादाराचे उत्पन्न दोन मार्गांनी येते : ग्राहकाकडून मिळणारे मासिक शुल्क आणि ग्राहक मिळवून दिल्याबद्दल दलालाकडून, म्हणजे ब्रोकरकडून, मिळणारे कमिशन. कमिशन व्यवहारांच्या संख्येवर किंवा ग्राहकाच्या तोट्यावर आधारित असल्यास पुरवठादार व ग्राहक यांचे हितसंबंध परस्परविरोधी होतात. ग्राहकाचा तोटा झाला तरी पुरवठादाराचा लाभ होतो. म्हणून 'सूचना मोफत, परंतु खाते अमुक ब्रोकरकडेच उघडावे' ही अट धोक्याची मानली जाते.

धोक्याची चिन्हे

• खात्रीशीर नफ्याचे आश्वासन : चलनांचे भाव व्याजदर, महागाई, राजकीय घडामोडी इत्यादींमुळे बदलतात, त्यामुळे नफ्याची हमी देता येत नाही. युरोपियन सिक्युरिटीज अँड मार्केट्स ऑथॉरिटीने २०१८ मध्ये फरकाच्या करारांवर (सीएफडी) निर्बंध घातले. त्या वेळी अशा व्यवहारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जात असल्याचे तिने नमूद केले होते.

• केवळ यशाची टक्केवारी : दहापैकी नऊ सूचनांत प्रत्येकी १०० रुपये नफा आणि एकीत १,५०० रुपये तोटा झाल्यास यशाचे प्रमाण ९० टक्के दिसते, पण प्रत्यक्षात ६०० रुपयांचा निव्वळ तोटा असतो.

• निवडक यशाचे प्रदर्शन : ६,४०० लोकांपैकी निम्म्यांना भाव चढेल आणि निम्म्यांना उतरेल असे कळवावे, ज्यांना चुकीची सूचना गेली त्यांना वगळून हाच क्रम पुढे चालवावा. सहा फेऱ्यांनंतर उरलेल्या १०० जणांनी सलग सहा सूचना खऱ्या ठरलेल्या पाहिलेल्या असतात. यात कोणतेही ज्ञान वापरलेले नसते.

• स्टॉपलॉसचा अभाव : तोटा झाल्यावर व्यवहाराची रक्कम दुप्पट करण्याची पद्धत काही काळ यशस्वी भासते. मात्र १ एककाने सुरुवात केल्यास सलग सात तोट्यांनंतर एकूण १२७ एकके बुडालेली असतात.

• अवाजवी लिव्हरेज : १०० पट लिव्हरेजवर घेतलेल्या व्यवहारात भाव १ टक्का विरुद्ध गेल्यास तारण रक्कम संपते. युरोपीय संघात प्रमुख चलनजोड्यांसाठी किरकोळ ग्राहकांना ही मर्यादा ३० पट आहे.

• अन्य चिन्हे : नाव व पत्ता गुप्त ठेवणे, पडताळता न येणारी छायाचित्रे पुरावा म्हणून दाखविणे, खात्याचा पासवर्ड मागणे, व्यक्तिगत बँक खात्यात पैसे भरण्यास सांगणे, तातडीने निर्णय घेण्याचा आग्रह धरणे, तसेच रक्कम काढताना 'कर' किंवा 'प्रक्रिया शुल्क' आगाऊ मागणे.

भारतातील कायदेशीर स्थिती

परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ नुसार भारतातील रहिवाशांना परकीय चलनाचे व्यवहार केवळ अधिकृत व्यक्तींसोबत आणि परवानगी असलेल्या प्रयोजनांसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक व्यवहार रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांतच करावे लागतात. उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी मंचांवर मार्जिन भरण्यासाठी पैसे पाठविण्यास परवानगी नाही. शेअर बाजारात रुपयाशी निगडित चलन करार घेणाऱ्याकडे मूळ परकीय चलन जोखीम असणे आवश्यक आहे. यासंबंधीचे निर्देश ३ मे २०२४ पासून लागू झाले. त्यामुळे अनधिकृत परदेशी ब्रोकरकडे व्यवहार करणारा ग्राहक फसवला गेला तरी स्वतःही कायदेशीर कारवाईस पात्र ठरू शकतो.

पडताळणी

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत मंचांची सावधानता यादी, म्हणजेच अलर्ट लिस्ट, प्रथम प्रसिद्ध केली. ही यादी परिपूर्ण नाही. यादीत नाव नसणे म्हणजे अधिकृत मान्यता असणे नव्हे. म्हणून मंचाचे नाव अधिकृत मंचांच्या यादीतही पाहावे लागते. रोखे बाजारातील सल्लागार व संशोधन विश्लेषक यांची नोंदणी सेबीकडे होते आणि नोंदणी क्रमांक तिच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी ही नफ्याची हमी नसते. ती केवळ उत्तरदायित्व निश्चित करते.

फसवणूक झाल्यास

ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते. बँकेस तत्काळ कळविणे आणि संदेश, व्यवहार क्रमांक व खाते क्रमांक जतन करणे तपासासाठी उपयुक्त ठरते. बुडालेली रक्कम परत मिळवून देतो, असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे लोक हा याच फसवणुकीचा पुढील टप्पा असतो.