तरीकडे उतरणारे रस्ते

रत्नागिरीहून पावसच्या वाटेला सायकल घातली, की भाट्याचा पूल आणि त्यापुढचे सुरूचे बन एवढीच काय ती सपाटी. तेथून रस्ता जो अंगावर येतो, तो थेट गोळपच्या सड्यावर नेऊन सोडतो, आणि सड्याच्या मोकळ्या वाऱ्यात घाम पुरता सुकतो न सुकतो तोच पावसच्या उतारावर दोन्ही ब्रेक आवळण्याची वेळ येते. पावसहून पुन्हा चढ, पूर्णगडाशी पुन्हा उतार, खाडीपलीकडे गावखडीहून पुन्हा चढ. पुण्यामुंबईहून हौसेने आलेल्या सायकलस्वारास ही रस्ते आखणाऱ्याची खोडी वाटते, आणि पहिल्या दिवशी मलाही तसेच वाटले होते. पुढे या वाटा वारंवार तुडविल्यावर ध्यानात आले, की जवळजवळ प्रत्येक उताराच्या तळाशी पूर्वी एक तर, म्हणजे होडीने खाडी ओलांडण्याची जागा, होती. पूल अलीकडचा, आणि रस्ता अजूनही जुन्या वहिवाटीप्रमाणे त्या तरीकडेच उतरतो आहे.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यांची रांग. या माथ्यांना येथे सडा म्हणतात. उत्तरेकडून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना अशा नद्या हे सडे कापीत पश्चिमेस येतात, आणि त्यांच्या मुखांतून भरतीचे पाणी कित्येक मैल आत शिरते. घाटावरच्या माणसाला नदी म्हणजे अडथळा; कोकणातल्या माणसाला खाडी म्हणजे राजमार्ग. भरतीबरोबर मचवे आत जात आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. भरतीचा जोर जेथे संपे, तेथे माल उतरून वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर चढे आणि घाटाच्या वाटेला लागे. म्हणून तेथेच पेठा वसल्या. चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही नावे एका दमात घेतली, की आजच्या मुंबई-गोवा महामार्गाचा निम्मा नकाशा तयार होतो. नदी जेथे अरुंद होते तेथे पूल बांधणे सोपे, हे महामार्ग आखणाऱ्यांना जितके ठाऊक होते, तितकेच मचवा कोठे टेकतो हे व्यापाऱ्यांना ठाऊक होते, आणि दोघेही अखेर त्याच जागी येऊन पोचले.

यांपैकी राजापूर सर्वांत नामांकित. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी तेथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविण्याचा उद्योग त्यांच्या अंगाशी आला, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले तेव्हा वखार लुटली जाऊन वखारवाले कैदेत पडले. समुद्रापासून इतक्या आत वसलेल्या गावी परदेशी व्यापाऱ्याने दुकान थाटावे, याचे आश्चर्य वाटते ते नकाशा रस्त्यांच्या नजरेने पाहिल्यामुळे. खाडीच्या नजरेने पाहिले तर राजापूर हे बंदरच होते.

चाक मात्र या मुलखात फार उशिरा आले. माणूस जाई तो पायी, आणि ऐपतदार असला तर मेण्यातून किंवा डोलीतून, ओझे डोक्यावर. या पायवाटांसाठी बांधलेल्या जांभ्याच्या पायऱ्या, म्हणजे पाखाड्या, आजही डांबरी रस्त्याच्या कडेला दिसतात. रस्ता उतारावर चार वळणे घेतो, पाखाडी त्या चारही वळणांना छेदून नाकासमोर खाली जाते. पावसच्या अलीकडे एका वळणावर सायकल गडग्याला टेकवून मी अशी एक पाखाडी उतरून पाहिली. पायऱ्यांच्या मध्यभागी पावलांनी खळगे पडलेले, त्यांत पावसाचे पाणी साचून शेवाळ धरलेले. कडा मात्र चिरा कालच बसविल्यासारख्या धारदार. पाखाडीवर सायकल ही केवळ खांद्यावर घेण्याची वस्तू होय, आणि तो प्रयोग मी पुन्हा केला नाही.

पेशवाई बुडून १८१८ मध्ये दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेले, तेव्हा जिल्ह्याची कचेरी प्रथम बाणकोटास होती. १८२२ मध्ये अधिक मध्यवर्ती ठिकाण म्हणून ती रत्नागिरीस आली. येथे मध्यवर्ती हा शब्द किनाऱ्याच्या मोजणीतला समजावा. घाटापलीकडून येणाऱ्यास रत्नागिरी कोणत्याही अर्थाने मध्यवर्ती नव्हती. पुढे कुंभार्ली आणि आंबा घाटांतून गाडीरस्ते झाले, पण ते पूर्व-पश्चिम, माल वर नेण्यासाठी. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणोत्तर जाणे हे आगबोटीचे काम मानले गेले. आगबोट बंदराबाहेर नांगर टाकी, उतारू पडावांतून ये-जा करीत, आणि पावसाळ्याचे चार महिने हा व्यवहारच बंद. अशा स्थितीत खाडीमुखांवर पूल कोण बांधतो?

तेथे तर होती. १८६८ च्या कायद्याने तरींचा बंदोबस्त सरकारने आपल्या हाती घेतला, मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले, आणि माणसास किती, जनावरास किती, ओझ्यास किती हे दर ठरले. गावखडीच्या बाजूला नारळाच्या सावलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला तरीची आठवण सांगितली. पलीकडच्या काठावर तर असली, तर अलीकडून कुकारा घालावा लागे. कुकारा ऐकूनही तरीवाला जेवण आटोपल्याखेरीज हलत नसे. ‘‘सायकलीचे काय हो करीत?’’ असे विचारता ते म्हणाले, ‘‘आडवी घालीत होडीत. तिचे निराळे पैसे. आणि चाक पाण्यात बुडले तर तुमचे नशीब.’’ एवढे बोलून त्यांनी पुलाकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मला निश्चित सांगता येणार नाही.

सायकलस्वार या किनाऱ्यावरचे किल्ले पाहतो ते नेहमी पाठीमागून. मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड हा आटोपशीर किल्ला. गावातून चढून आत गेले, की वाटते एवढ्याशा तटबंदीने कोणाचे रक्षण झाले असेल? पण समुद्राकडच्या दरवाजात उभे राहिले म्हणजे खाडीत शिरणारे प्रत्येक शीड त्याच्या डोळ्यांखालून जाई हे कळते. रत्नदुर्गाचेही तेच. घोड्याच्या नालाच्या आकाराचा तो गड शहरातून पाहिला तर एक टेकडीच. दर्यावरून पाहणाऱ्यास मात्र तो गड आणि त्यावरचे १८६७ चे दीपगृह याच रत्नागिरीच्या खुणा. ज्याची सत्ता बुडाली त्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजालाही सरकारने १८८६ मध्ये येथे आणून ठेविले, आणि १९१६ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा राजवाडा उभा राहून काही वर्षेच झाली होती. वाड्याजवळच्या कड्यावरून भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र एका दृष्टिक्षेपात दिसतात. राजाला पुलाविना नुसती खाडी दिसत असे.

देवही या भागात समुद्रावाटे आले. पूर्णगडापुढे सडा चढून कशेळीस गेले, की कनकादित्याचे मंदिर लागते. सौराष्ट्रातील प्रभासपाटणहून निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या गलबतावर ही सूर्यमूर्ती होती, कशेळीसमोर गलबत अडले, मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेविल्यावरच ते हलले, अशी आख्यायिका सांगतात, आणि त्या जागेस देवघळी म्हणतात. आख्यायिका बाजूला ठेविली, तरी शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा कशेळीचा ताम्रपट गावाचे जुनेपण सिद्ध करतो. याच कशेळीच्या सड्यावर उघड्या कातळात एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे, आणि त्याच्या अंगाच्या रेषांमध्ये मासे आणि इतर जनावरे. अशी कातळशिल्पे उक्षी, जांभरूण, बारसू येथेही सापडली असून २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांची नोंद झाली. ज्या सड्याला आपण नुसते ओसाड रान समजत आलो, त्यावर मचवा आणि ताम्रपट यांच्या कितीतरी आधी कोणी तरी बसून हत्तीच्या सोंडेचे वळण कोरीत होते. भर दुपारी तेथे उभे राहू नये. कातळ तापतो आणि रेषा दिसत नाहीत. कलत्या उन्हात त्या आपोआप उठून येतात.

किनाऱ्याने सलग रस्ता असावा, रेवसपासून रेडीपर्यंत, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री असताना त्यांनी जोराने पुढे रेटली, आणि पुढच्या दशकांत खाड्यांवर एकेक पूल होत गेला. त्याचे काही फळ उत्तरेकडे दिसते. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याच्या चढावरून डावीकडे समुद्र ठेवीत गणपतीपुळ्यास जावे, हा सुमारे २५ किलोमीटरांचा मार्ग आता पर्यटकांच्या तोंडी आहे. दक्षिणेकडच्या गुळ्याचा गणपती पुळ्यास गेला असे लोक म्हणतात, त्याला पायी जाताना दोन-तीन तरी तरी लागल्या असत्या. पुढे मालगुंड, जेथे १८६६ मध्ये केशवसुतांचा जन्म झाला, आणि त्यापुढे सड्यावरून जयगड.

जयगडाशी मात्र रस्ता संपतो. शास्त्रीचे मुख एवढे रुंद, की पलीकडचे तवसाळ धुरकट दिसते. किल्ल्याचे बुरूज मागे टाकून सायकल धक्क्यावर आणावी, फेरीबोटीचे तिकीट काढावे आणि मोटारींच्या मागे कठड्याला तिला टेकवून ठेवावे. मी गेलो तेव्हा बोट नुकतीच सुटलेली होती. धक्क्यावरच्या माणसाने सांगितले, ‘‘थांबा जरा, येईल परत.’’ माझ्या शेजारी माशांची टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी पदर सारखा केला आणि पलीकडच्या काठाकडे पाहत राहिल्या.