समाजकल्याण : उदारमतवादी व सामाजिक लोकशाहीवादी दृष्टी (गिरणगाव, मुंबई)

उदारमतवाद कल्याणकार्यात स्वयंसेवा व दानावर भिस्त ठेवतो. शासनाची मदत गरजूंपुरती. सामाजिक लोकशाहीवादी ती नागरिकाचा हक्क मानतात आणि कायदा, कर व सामाजिक विमा यांतून सर्वांना देऊ पाहतात.

परळ-लालबागच्या गिरणी वस्तीत हे दोन्ही प्रवाह ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांच्या कार्यात भेटतात. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य, वृत्तीने नेमस्त. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या रात्रशाळा व वाचनालये कामगारांसाठी होती. पण रात्रशाळेने पगार वाढत नाही की कामाचे तास घटत नाहीत. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या (आयटक) स्थापनेत जोशी पुढे होते. नेमस्ताने कामगार संघटना उभारावी, हे पुस्तकी वर्गीकरणात बसत नाही.

कायद्याच्या वाटेवर खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न येतो. स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी या लाभाचा खर्च मुख्यत्वे शासनाने सोसावा असे मांडले. १९२९ च्या कायद्याने तो मालकांवर टाकला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक व कामगार दोघांची वर्गणी आणली. असंघटित कामगार मात्र त्या विम्याबाहेरच राहिले.