सात पौंडांचा नियम आणि नऊ वारांचे लुगडे

१८८१ साली लंडनमध्ये 'रॅशनल ड्रेस सोसायटी' नावाची संस्था स्थापन झाली. स्त्रियांचा पोशाख आरोग्याला साजेसा असावा, हा तिचा आग्रह. या संस्थेने मांडलेला एक नियम आज वाचताना नवल वाटते : बूट वगळता स्त्रीच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांहून अधिक नसावे. सात पौंड म्हणजे तीन किलोंहून थोडे अधिक, आणि तेही केवळ आतल्या कपड्यांचे! वरचा झगा निराळाच. आपल्याकडचे सुती नऊवारी लुगडे याच्या निम्मेही भरत नाही.

कपड्यांवरून असा वाद चाललेल्या जगात १८८३ साली दोन मराठी स्त्रिया जाऊन पोहोचल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला, पंडिता रमाबाई इंग्लंडला. दोघींच्या अंगावर साडी होती. पण ती साडी पाहणारे डोळे दोन देशांत सारखे नव्हते.

आधी त्या दोन देशांकडे पाहू. फॅशन दोघांचीही पॅरिसहून येई. कंबर आवळणारा कॉर्सेट आणि मागे झगा फुगवणारा बसल लंडनमध्येही होता आणि न्यूयॉर्कमध्येही. फरक रोजच्या कपड्यांत होता. इंग्लंडमध्ये पोशाखावरून माणसाची पायरी ओळखू येई. मोलकरणीची टोपी आणि एप्रन हा तिच्या दर्जाचा शिक्काच असे. अमेरिकेत जन्मलेल्या मोलकरणी तोच शिक्का डोक्यावर घ्यायला नाखूश असत. सिंगरच्या शिलाई यंत्राचे पेटंट १८५१ चे. एबेनेझर बटरिक याने ठरावीक मापांचे कागदी नमुने १८६३ पासून विकायला काढले. यादवी युद्धात लाखो सैनिकांचे गणवेश शिवताना पुरुषी मापांचे कोष्टक तयार झाले आणि तयार कपड्यांचा धंदा वाढला. त्यामुळे गिरणीत काम करणारी मुलगी रविवारी मालकिणीसारखा झगा घालून बाहेर पडू शके. अमेरिकेत विषमता नव्हती असे मुळीच नाही. ती कपड्यांवरून चटकन वाचता येत नव्हती, इतकेच.

पोशाख-सुधारणेची चळवळही दोन्हीकडे एका वळणाची नव्हती. लंडनच्या संस्थेच्या अग्रभागी लेडी हार्बर्टन होत्या, म्हणजे सरदार घराण्यातल्या. अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी १८५१ मध्ये सैल विजारीचा पुरस्कार केला आणि भरपूर टिंगल सोसली. पुढे हा विषय तिथल्या स्त्री-डॉक्टरांनी हाती घेतला. १८७४ मध्ये बोस्टनला झालेल्या व्याख्यानांचे 'ड्रेस-रिफॉर्म' हे पुस्तक निघाले. त्यातल्या बहुतेक वक्त्या डॉक्टर होत्या. आवळलेल्या बरगड्या आणि दबलेली फुप्फुसे ही त्यांच्या दृष्टीने वैद्यकाची बाब होती. आनंदीबाई ज्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या, ते याच स्त्री-डॉक्टरांच्या जगातले.

पण आनंदीबाई तिथे एक वचन देऊन गेल्या होत्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे केलेल्या भाषणात त्यांनी जाहीर सांगितले की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. चालीरीती, अन्न, पोशाख यांत बदल करणार नाही. वय अठराही पूर्ण नव्हते. समुद्र ओलांडणाऱ्या ब्राह्मण स्त्रीवर बहिष्काराची टांगती तलवार होती, आणि त्या वचनाची कसोटी तिच्या अंगावरच्या वस्त्रावर रोज लागणार होती.

कसोटी पाहिली ती थंडीने. काष्ट्याच्या नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात. पुण्यात किंवा कल्याणला त्याचे काही वाटत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या बर्फात मात्र प्रश्न जिवाचा होतो. शिवाय स्त्रीचा घोटासुद्धा झाकलेला असावा, असा तिथला शिष्टाचार. आनंदीबाईंनी झगा घातला नाही. त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. म्हसावद-शहाद्याकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. गुजरातच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात काष्टा आणि गोल साडी या दोन्ही नेसणी ओळखीच्या आहेत. गोल नेसणीत पाय घोट्यापर्यंत झाकतात आणि आत उबदार परकर घालता येतो. वचनही राहिले, पायही झाकले. या तडजोडीतली हुशारी पुरेशी नावाजली गेलेली नाही. १० ऑक्टोबर १८८५ चे प्रसिद्ध छायाचित्र, ज्यात आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबत इस्लामबूली आपापल्या देशांच्या पोशाखात आहेत, ते आज सर्वत्र फिरते. पण ते समारंभाचे चित्र आहे. थंडीतल्या रोजच्या सकाळी काय नेसावे, हा झगडा त्यात दिसत नाही.

रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण साडी आणि शाकाहार सोडला नाही. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण विधवेला केशवपन आणि तांबडे आलवण चुकत नसे; रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी बंगाली, आणि रमाबाईंचे वस्त्र पांढरे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांच्या शाकाहारात जुन्या जातीचा अहंकार दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. त्याऐवजी आपली संस्कृत का नसावी, असा रमाबाईंचा प्रश्न होता. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब. पण ख्रिस्ती व्हायचे म्हणजे इंग्रज व्हायचे का, हा खरा मुद्दा होता, आणि तो गळ्यातल्या क्रूसावर आणि ताटातल्या अन्नावर लढला जात होता.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या पदवीदान समारंभात दोघी एकत्र आल्या. एक सौभाग्यवती हिंदू, दुसरी ख्रिस्ती विधवा; नात्याने दूरच्या बहिणी. त्यानंतर रमाबाई अमेरिकेतच राहून व्याख्याने देत फिरल्या. जे पांढरे वस्त्र इंग्लंडमध्ये त्यांच्या वेगळेपणाची खूण होते, ते इथे श्रोत्यांच्या कुतूहलाचा विषय झाले. कुतूहल हा आदरच असतो असे नाही; त्यात तमाशा पाहण्याची हौसही मिसळलेली असते. पण रमाबाईंनी त्याचा उपयोग करून घेतला. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस क्षयाने खंगून परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या सनातनी पुण्याच्या बहिष्काराची भीती होती, त्याने त्यांचे अंत्यसंस्कार अडवले नाहीत. रमाबाईंची साडी तितकीच स्वदेशी होती. पण विद्यार्थिनी ख्रिस्ती होऊ लागल्याच्या संशयावरून १८९३ मध्ये याच पुण्यात, तोवर मुंबईहून तिथे हललेल्या शारदा सदनातून, पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.