स्टेशन हेच स्मारक

स्मारके म्हटली की आपली दृष्टी करमाळ्याकडे वळते. तेथील किल्ला रावरंभा निंबाळकरांनी आरंभिला, त्यांचे पुत्र जानोजी यांनी तो पुरा केला. कमलादेवीचे देऊळ आहे, ९६ पायऱ्यांची विहीर आहे. पाऊण मैलावरच्या झऱ्यांचे पाणी मातीच्या नळांतून गावात आणण्याची त्या काळची योजना तर मला किल्ल्याहूनही थोर वाटते. आपल्या जेऊरला यांपैकी काय आहे? स्टेशन आहे!

हसू नका. बालाघाटातून पुण्याकडे जाणारा माल करमाळ्यावरून जाई. त्यावरच ती पेठ पोसली होती. १८५९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भीमा ओलांडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आली. रूळ करमाळ्याला न शिवता सुमारे ११ मैल दक्षिणेकडून, जेऊरवरून गेले. पुढे त्या पेठेची पुष्कळशी वाहतूक या दोन स्टेशनांनी ओढून घेतली. किल्ल्याचा एक चिराही न ढळता पेठ बसली.

दुसरे स्थित्यंतर उजनीचे. १९८० साली धरण पुरे झाले; भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली आणि कोरडवाहू शिवारांत ऊस-केळी उभी राहिली. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. ते पाहायला गर्दी लोटते. आपल्या बाजूच्या बुडालेल्या वेशी आणि पार कोठे होते, हे बोटाने दाखवणारी माणसे मात्र आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. या सभेतही तशी काही बसली असतील. व्याख्यान संपल्यावर त्यांनी कृपया थांबावे.