रक्त विकत मिळायचं तेव्हा

आज जरा मागे जाऊ. फार नाही, १९९७ पर्यंत. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील.

त्या काळी आपल्या देशात रक्त चक्क विकलं जायचं. नड असलेला माणूस यायचा, बाटलीभर रक्त देऊन पैसे घ्यायचा आणि अंगात रक्त भरून यायच्या आत पुन्हा हजर. पैसे बुडू नयेत म्हणून आजारही लपवायचा. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० सालीच हा धोका पुस्तकात मांडला होता. ते आणखी एक सांगत होते: रक्ताला भाव आला की फुकट देणाऱ्याचा हातही आखडतो.

४ जानेवारी १९९६ ला 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं.

मग रक्त आणायचं कुठून? महाराष्ट्राने जयंत्यांना हाताशी धरलं. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात. १२ जानेवारीची जिजाऊ जयंती, शिवजयंती, गणपती, नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस. निमित्त मिळालं की मांडव आणि मांडवात शिबिर. यातलं मर्म बघा: एकट्याने ब्लड बँक शोधत जाणारे थोडे. ओळखीचं कुणी "चल रे" म्हटलं की पाय निघतो. रक्तसंकलनात महाराष्ट्र आज देशात आघाडीवर आहे.

पण इथेच अडचणही आहे. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. १९ फेब्रुवारीचं रक्त २ एप्रिलनंतर चालत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, वर विदर्भाचं ऊन, शिबिरं कमी. थॅलेसेमियाच्या लेकराला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

आणि घरची भीती? "अशक्तपणा येईल, शेतातलं काम कसं होईल?" अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, घेतात ३५० किंवा ४५० मिली. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरतो, पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून तर पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर ठेवलंय. कितीतरी बायका तयार असूनही हिमोग्लोबिन १२.५ भरत नाही म्हणून परत येतात. तिथे उणीव मनाची नाही, ताटातली आहे.

तुमची १८ वर्षं पूर्ण असतील, वजन किमान ४५ किलो असेल, तब्येत ठणठणीत असेल, तर येत्या मे महिन्यात जयंतीची वाट बघू नका. एका मित्राला फोन लावा आणि म्हणा, "चल रे!"