निम्फ किती खोल? एका तंत्राची कुळकथा

मेफ्लायसारख्या कीटकांचे पाण्यात वाढणारे, पंख न फुटलेले रूप म्हणजे निम्फ. गळावर बांधलेल्या त्याच्या नकलेलाही तेच नाव आहे. ओढ्यातला ट्राउट आपले बहुतेक खाणे पाण्याखालीच उरकतो. म्हणून ही नक्कल त्याच्या समोरून, तो ज्या थरात उभा आहे त्याच थरातून आणि तिथल्या पाण्याच्याच वेगाने जावी लागते. ती वीतभर वरून गेली तरी मासा बहुधा जागचा हलत नाही.

खोली ठरवण्याची जुनी रीत सोपी आहे आणि ती अजून चालते. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर गळ टाकणारा दोऱ्याला बूच किंवा मोरपिसाचा देठ बांधतो आणि खाली शिशाचा तुकडा लावतो. बूच आणि गळ यांच्यातले अंतर हीच त्याची खोली. गळाची मासेमारी या मुलखात राजांचाही छंद होती. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात माशांच्या जाती आणि त्यांना भुलवणारी आमिषे यांचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात बूच आणि शिसे यांची जुळणी सांगितली आहे.

डोहात हे जमते, वाहत्या ओढ्यात फसते. दगडगोट्यांच्या घर्षणामुळे तळचे पाणी सावकाश जाते आणि वरचे धावते. वरच्या पाण्यात पडलेला दोरा निम्फला ओढू लागतो. ओढला गेलेला निम्फ नुसता पुढे जात नाही, तो वरही उचलला जातो. म्हणजे खोलीचा प्रश्न निम्मा वजनाचा असला तरी निम्मा दोऱ्याच्या ओढीचा आहे. पुढचा सगळा इतिहास या दोन निम्म्यांमध्ये झुलत राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या चुनखडी प्रदेशातल्या नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्डचे राज्य होते. मासा वर आलेला दिसावा आणि त्याच्यापुढे तरंगती नकली माशी ठेवावी, हा त्याचा दंडक. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने इचेन नदीवर पाहिले, की वर आलेसे वाटणारे कितीतरी ट्राउट प्रत्यक्षात पृष्ठभागाच्या जरा खालीच निम्फ टिपतात. १९१० च्या ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’मध्ये त्याने बुडती माशी प्रवाहाच्या उलट दिशेने टाकण्याचा पुरस्कार केला. दंडक मोडल्याचा राग इतका टिकला, की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर वादसभा झाली. स्क्यूजचे निम्फ हलके होते, त्यामुळे त्याची खोली काही बोटांपुरतीच होती.

खोल पाण्याची किल्ली सापडली ती नदीवर पाळत ठेवणाऱ्या एका नोकरदाराला, आणि ते साहजिकच होते. फ्रँक सॉयर हा विल्टशरमधल्या एव्हन नदीचा रखवालदार होता. पोहणारा निम्फ पाय अंगाशी दाबून घेतो, हे त्याने रोज पाहिले होते. मग पायांसाठी बांधायचे केसाळ पीस हवेच कशाला? ते पीस बुडण्याला अडथळाच करत होते. त्याने ते काढून टाकले, रेशमी धागाही वगळला आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू बारीक तांब्याच्या तारेनेच गळावर गुंडाळले. तार बांधणीही झाली आणि वजनही. असा सडपातळ निम्फ पाण्यात पटकन उतरतो. तो माशाच्या बराच पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, म्हणजे माशापर्यंत पोचेतो त्याला बुडायला वेळ मिळतो. तिथे पोचला की काठीचे टोक किंचित उचलायचे. वर निघालेला निम्फ पळतोय असे वाटून मासा तो घेतो. सॉयरचे ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ १९५८ मध्ये निघाले. अमेरिकेत जेम्स लायझेनरिंगने अशीच उचल १९४१ मध्येच छापून प्रसिद्ध केली होती.

या घडामोडींच्या काळातच ट्राउट भारतात आला, काश्मीरला आणि निलगिरीत. त्याला साधारण वीस अंशांपेक्षा गार पाणी लागते. राधानगरीकडून पंचगंगेकडे येणारी भोगावती खळाळती असली तरी तेवढी थंड नाही.

पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातल्या स्पर्धकांनी दुसरा निम्मा प्रश्न, दोऱ्याच्या ओढीचा, सोडवला. दोरा पाण्यावर पडलाच नाही तर ओढणार कोण? जड निम्फ काठीच्या टोकाखालीच सोडायचा, दोरा हवेत ताठ धरायचा आणि काठी प्रवाहाबरोबर न्यायची. खोली आता हाताच्या उंचीवर ठरू लागली. जागतिक स्पर्धांच्या नियमांत बूच आणि दोऱ्यावर वेगळे लावलेले वजन, दोन्ही वर्ज्य आहेत. त्यामुळे सगळे वजन निम्फमध्येच घालावे लागते. हंसांना विषबाधा होते म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीतल्या बहुतेक लहान शिशांवर बंदी घातली. शिशाच्या जागी आलेला टंगस्टनचा मणी अधिकच जड निघाला. तांब्याची घनता नऊच्या आसपास, शिशाची ११.३, टंगस्टनची १९.३. त्यामुळे आज एकच निम्फ तीन-चार वजनांत बांधून ठेवतात आणि डबीत ओळखू यावा म्हणून प्रत्येक वजनाला मानेशी वेगळ्या रंगाचा धागा देतात.