उणे सामूची खाण

सामूची मोजपट्टी ० ते १४ असते, असे आपण वर्गात सांगतो. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटनच्या रिचमंड खाणीतून १९९०-९१ मध्ये नॉर्डस्ट्रॉम, आल्पर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याचे नमुने आणले. त्यांतील एकाचा सामू भरला उणे ३.६! नेहमीची प्रमाण द्रावणे तेथे निरुपयोगी होती. तीव्र गंधकाम्ल प्रमाण धरून मापन करावे लागले.

हे आम्ल कोणी ओतले नव्हते. तेथे १८६० च्या दशकापासून १९६३ पर्यंत तांबे, जस्त, चांदी, सोने काढले गेले आणि खनिजातले पायराइट, म्हणजे लोखंड व गंधक यांचे संयुग, मागे राहिले. जमिनीत गाडलेले पायराइट निरुपद्रवी असते. बोगद्यांतून हवा व पाणी पोहोचले, की गंधकाम्ल आणि फेरस लोह तयार होते. फेरसचे फेरिक झाले, की तेच उरलेल्या पायराइटवर तुटून पडते. पण आम्लात हे रूपांतर फार सावकाश होते. मग इतके आम्ल येते कोठून? १९४७ मध्ये कोल्मर व हिंकल यांना कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा जीवाणू सापडला होता. हीच पायरी सर्वांत मंद असून जीवाणू तिचा वेग दहा लाख पटींपर्यंत वाढवतात, असे सिंगर व स्टम यांनी १९७० मध्ये दाखवले.

आम्लात विरघळलेले तांबे, जस्त व कॅडमिअम सॅक्रामेंटो नदीत जाई व सॅमन मासे मरत. म्हणून १९६३ मध्ये स्प्रिंग क्रीकवर बांध घालून ते पाणी अडवून, नदीच्या पाण्यात मिसळून सोडण्याची व्यवस्था झाली. विषाचे प्रमाण घटले, विष मात्र तेवढेच राहिले.

'खाणीचे तोंडच बुजवा' ही सूचना आम्हालाही प्रथमदर्शनी पटली असती. पण आत पाणी वाळून सल्फेट क्षारांचे थर साचले होते. खाण पाण्याने भरली असती, तर ते विरघळून १ किंवा त्याहून कमी सामूचे सुमारे ६ लाख घनमीटर पाणी डोंगरात साठले असते, असे हिशेबाने दिसले. तोंड उघडेच ठेवले गेले.

१९९४ पासून पाण्यावर चुन्याची प्रक्रिया होते. हे आम्ल आणखी सुमारे ३००० वर्षे झिरपेल, असा अंदाज आहे. प्रक्रियेतून निघणारा धातुयुक्त गाळ त्याच डोंगरावरील जुन्या उघड्या खाणीत नेऊन टाकतात.